रंगाखालचं लोखंड

श्रावण अर्धा सरला की आमच्या परळच्या गल्लीत रंगाचा वास सुटतो. गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे बांबू, ताडपत्री आणि आत दाटीवाटीनं उभे गणपती. एरवी त्याच जागेवर टेम्पो लागतात. एकदा का आतला कॉम्प्रेसर सुरू झाला, की सातव्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरापर्यंत तो वास येतो. मळलेल्या कणकेला येतो, वाळत घातलेल्या टॉवेलांना येतो. लोक म्हणतात, चला, आले गणपती जवळ. मीही म्हणते. पण माझ्या मनात आधी गणपती येत नाहीत. आधी एक गाडी येते, तिच्यामागून नंदू येतो आणि मग लाज वाटायला लागते. सणाच्या तोंडावर हे काय भलतंच, असं कुणी म्हणेल. पण वासाला कोण समजावणार?

गाडी म्हणजे एटीव्ही. किनाऱ्यावर पर्यटकांना बसवून वाळूत गरागरा फिरवतात ती, चार फुगीर टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलची. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही आणि असायचं कारणही नाही. परळमध्ये वाळू नाही आणि रस्त्यावर ती चालवता येत नाही. पण आमचे हे रिटायर झाले, घरात बसून आधी सगळे पंखे दुरुस्त केले, मग न बिघडलेला मिक्सर दुरुस्त केला, आणि त्यानंतर तो बिघडला. मी म्हटलं, अहो, स्वतःचं असं काहीतरी बघा आता. त्यांनी बघितलं ते हे. दापोलीकडे आमची नारळाची वाडी आहे, समुद्राला लागून, खाली उतारावर. नारळ वर वाहून आणायला हल्ली माणूस मिळत नाही. तर गाडी वाडीत ठेवायची, मागे छोटी ट्रॉली जोडायची आणि नारळ वर आणायचे, असा बेत. बेत मला पटला. मात्र ज्या नजरेनं हे त्या गाडीकडे बघायचे, त्या नजरेत नारळ कुठेच नव्हते.

ह्यांची सगळी उमेदीची वर्षं परळच्याच एका हॉस्पिटलात गेली. मेंटेनन्सला वायरमन होते. नंदू त्यांच्या हाताखाली हेल्पर. अलिबागच्या पुढच्या एका खेड्यातला, हसरा, कामाला वाघ. ह्यांनी त्याला सगळं शिकवलं, पण मुख्य शिकवण एकच. कुठलंही यंत्र बंद पडलं की आधी अर्थिंग बघायचं. वीज येते ती वाट सगळे बघतात, परत जाते ती कुणी बघत नाही. परतीची वाट तुटली की आलेली वीज असून नसल्यासारखी. हे वाक्य नंदूनं इतक्यांदा ऐकलं होतं की आमच्याकडे जेवताना कुणाला ठसका लागला तरी तो म्हणायचा, "दादा, अर्थिंग बघा."

पुढे नोकरी सोडून नंदू गावी गेला आणि किनाऱ्यावर राइडच्या गाड्या चालवायला लागला. पण आमच्या पाच दिवसांच्या गणपतीला यायचं त्यानं कधी चुकवलं नाही. येताना हातात केवड्याचं कणीस, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. दारातून आत आला की त्याच्याआधी केवडा आत यायचा. ह्यांना तो दादा म्हणतो, मला वहिनी. आम्हाला गाडी हवी आहे हे कळल्यावर त्यानं स्वतःच्या गाड्यांमधली एक दिली. म्हणाला, "जुनी आहे दादा, पण दणकट आहे. तुम्हाला खोटं सांगीन का?"

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या राइड बंद असतात. म्हणून आषाढातच त्यानं ती टेम्पोत घालून पाठवली. आमच्या पार्किंगमध्ये उतरवली, ह्यांनी बटण दाबलं आणि गाडी चालू झाली. वॉचमन दचकून खुर्चीतून उठला. हे मी मुद्दाम सांगते आहे. गाडी आली तेव्हा चालू होती.

खाऱ्या हवेनं तिचा सांगाडा गंजला होता, तेवढंच. ते काही ह्यांना बघवेना. त्यांनी सगळी गाडी खोलली. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर खुणा केल्या, नटबोल्ट माझ्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये भरले आणि उघडा सांगाडा घासून साफ केला. आता रंग हवा. ह्या दिवसांत परळ-लालबागमध्ये रंगाला काय तोटा! कारखान्यातला रंगारी सुभाष ह्यांच्या चांगल्या ओळखीचा. तो म्हणाला, "काका, गणपतीच्या शेल्याचो रंग उरलो हा. मारून देतंय." दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यानं सांगाडा मांडवात नेला, एका भल्यामोठ्या गणपतीच्या पायाशी ठेवला आणि कॉम्प्रेसरनं रंगवला. आधी पांढरा हात, त्यावर किरमिजी, त्यावर लकाकी आणणारा आणखी एक. मी खाली जाऊन बघून आले. खोटं कशाला बोलू, मलाही हात फिरवावासा वाटला. सुभाषनं ओरडून थांबवलं, ओला होता.

रंग वाळला, ह्यांनी सगळं पहिल्यासारखं जोडलं, बटण दाबलं, आणि गाडी चालू होईना.

स्टार्टर फिरायचा, घर्र घर्र व्हायचं, इंजिन काही पेट घ्यायचं नाही. मधूनच एखाद्या वेळी घ्यायचं, जरा धडधडायचं, ह्यांचा चेहरा उजळायचा, आणि बंद. धड मेलेलीही नाही, धड जिवंतही नाही. एकदम बंद पडली असती तर शोधायला सोपं, असं हे म्हणायचे. प्लगला ठिणगी मिळत नव्हती. म्हणजे ठिणगी जिथून निघते तिथपासून प्लगपर्यंत कुठेतरी खोट आहे आणि ती एक एक करत हुडकायची. प्लग वर आला, माझ्या गॅसच्या ओट्यावर साफ झाला. प्लगची टोपी आली. कॉइल आली. सीडीआय नावाची एक काळी डबी आली. ठिणगी कधी टाकायची ते ती ठरवते म्हणे. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला आमटी आणि दुसऱ्या बाजूला ही डबी. घरात पेट्रोलचा वास, गल्लीत रंगाचा वास, त्यात श्रावणातले माझे उपास. डोकं भणभणायचं.

ह्यांच्याकडे नोकरीपासूनचा मीटर आहे. त्याची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला अडकवायची आणि लाल वायर टोचत टोचत जायचं. सगळीकडे आकडा बरोबर यायचा. "मीटर म्हणतोय सगळं ठीक आहे," हे म्हणायचे आणि मीटरकडे असं बघायचे जणू तो शेजाऱ्यांना सामील आहे.

शेजारी तर होतेच. चाळ पाडून टॉवर झाला तरी माणसं तीच. चौथ्या मजल्यावरच्या परब काकू खाली आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं. "गाडयेक दिष्ट लागली हा. मीठ-मिरशी ओवाळून टाक गो." त्यांनी स्वतःच ओवाळली. वॉचमन रोज विचारायचा, "काका, आज होगा क्या?" सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा संदेश आला की पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे. हे सगळं मी हसून घालवलं. पण एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये उभी होते आणि मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "तावडे काका वायरमन होते ना रे?" दुसरा नुसता हसला. मी मागं वळून बघितलं नाही. मजला आल्यावर उतरले. मला लाज वाटली होती. ह्यांची नव्हे, असं मी स्वतःला तेव्हा बजावलं होतं.

ती लाज आज आठवते तेव्हा हसू येतं. लोकांनी बघितलं म्हणून वाटते ती लाज फार काळ टिकत नाही. लोकांना दुसरं काहीतरी बघायला मिळालं की ती सुटते. पण माणसाची अडचण अशी की त्या वेळी ती त्याला सहन होत नाही आणि तिच्यापासून सुटायला तो काहीही करून बसतो.

ह्यांनी फोन केला. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा ते खांबाला टेकून उभे होते आणि फोनवर बोलत होते. आवाज चढवलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "नंद्या, भंगार दिलंस तू मला. दादा दादा म्हणून गळ्यात मारलंस." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून हे म्हणाले, "येतो म्हणतोय." चहा त्यांनी घेतला नाही. आजूबाजूला पार्किंगमध्ये उभी दोन-तीन माणसं होती आणि त्यांनी ऐकावं अशाच बेतानं ते बोलले होते, हे मला कळलं. आता सगळ्यांना कळलं होतं की दोष गाडीचा आहे, वायरमनचा नाही.

नंदू आला तो गणपतीच्या जरा आधी, भर पावसात. पाणीसुद्धा न घेता सरळ पार्किंगमध्ये गेला. त्याच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेली सीडीआयची डबी होती. स्वतःच्या चालत्या गाडीची काढून आणली होती त्यानं. गुडघे टेकून बसला आणि एक एक जागा तपासायला लागला. हे मागे हात बांधून उभे. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तपासता तपासता नंदू स्वतःशीच पुटपुटत होता. प्लग ठीक. टोपी ठीक. मग म्हणाला, "अर्थिंग तर दादांनी केलंय, ते बघायलाच नको," आणि पुढच्या जागेवर गेला. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की चला, अजून मान आहे.

त्याची डबी बसवली तरी गाडी चालू झाली नाही. नंदूनं झाकणं परत लावली. मग उठला, हात पुसले आणि म्हणाला, "खाऱ्या हवेत वायरी आतून सडतात, दादा. वरून कळत नाही. मला कळायला पाहिजे होतं. माझी चूक झाली." त्यानं वाकून ह्यांच्या पायाला हात लावला, माझ्याही लावला. मी म्हटलं, "अरे, जेवून तरी जा." तो म्हणाला, "नको वहिनी, बोट चुकेल." डबी त्यानं नेली नाही. "राहू दे दादा, उपयोगी पडली तर." गेटमधून बाहेर पडताना त्यानं छत्री उघडायचीसुद्धा फिकीर केली नाही.

मग काही दिवसांनी, दुपारची वेळ, हे वर आले आणि म्हणाले, "पॉलिश पेपर आहे का ग घरात?" मागे दरवाजाला रंग दिला होता, त्या वेळचा एक तुकडा होता. तो शोधून मीच खाली नेऊन दिला. गाडीच्या बाजूची झाकणं काढलेली होती. एक काळी वायर आणि तिचा बोल्ट सुटा करून त्यांनी बाजूला ठेवला होता. त्या बोल्टच्या जागी सांगाड्यावर त्यांनी पेपर घासायला सुरुवात केली. किरमिजी रंग निघाला, त्याखालचा पांढरा निघाला, आणि मग एवढंसं, रुपयाएवढं, चकचकीत लोखंड दिसायला लागलं. कॉइल जिथं बसते तिथंही तसंच घासलं. बोल्ट परत आवळला. बटण दाबलं.

गाडी पहिल्याच फटक्याला चालू झाली आणि चालूच राहिली. मी वेडीनं टाळ्या वाजवल्या. ह्यांनी गाडी बंद केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाळ्या नको वाजवूस."

मग सांगितलं. रंगातून वीज जात नाही. ती काळी वायर म्हणजे परतीची वाट, ती लोखंडाला भिडायला हवी, आणि तिथं तर सुभाषचे तीन हात. बोल्ट कधी जरा घट्ट बसायचा, कधी हलायचा, म्हणून गाडी मधूनच पेटायची. मीटर खोटं बोलत नव्हता. त्याची काळी वायर बॅटरीला होती, सांगाड्याला लावून बघितलीच नव्हती. "पण अहो, तुम्ही तर सगळ्यांना..." मी म्हटलं. "हो," ते म्हणाले. "आणि विसरलोही नव्हतो. जोडताना आठवलं होतं मला. इथला रंग खरवडायला हवा. पण इतका छान बसला होता ग. हात होईना. म्हटलं, दातेरी वायसर आहे, आवळला की रंग फोडेल आपोआप."

नंदूची डबी काढून त्यांनी आपली जुनी डबी परत लावली. गाडी तशीही चालू झाली. म्हणजे जुन्या डबीतही काही खोट नव्हती. गाडीत काहीच खोट नव्हती.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता नंदूला फोन करा." ते म्हणाले, "करतो." संध्याकाळी म्हणाले, "करतो." दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमध्ये कुणीतरी विचारलं, काय झालं होतं शेवटी? ह्यांनी सांगितलं, "कॉइल गेली होती." परब काकूंनी मात्र सगळ्यांना सांगितलं की मीठ-मिरचीनं झालं, आणि खरं सांगते, दोघांत काकूंचं मला जास्त प्रामाणिक वाटलं. त्यांना तसं खरोखरच वाटत होतं.

मी अनेकदा विचार करते, तो एक फोन इतका जड का झाला? हे काही वाईट माणूस नाहीत. हॉस्पिटलात कितीदा दुसऱ्याची चूक स्वतःवर घेऊन बोलणी खाल्ली आहेत त्यांनी. मला वाटतं, दुसरी कुठलीही चूक असती तर त्यांनी हसत सांगितली असती. पण ही नेमकी तीच होती जी करू नये म्हणून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना दटावलं होतं. आणि ती अज्ञानानं झालेली नव्हती, रंगाच्या मोहानं झालेली होती. वयाच्या साठीत एका माणसाला लोखंडावरचा रंग खरवडवत नाही, हे तो कुणाला कसं सांगणार?

गणपती आले. आरास झाली, मोदक झाले, गौरी आल्या. लालबागहून चुलत दीर आले, गिरगावातून माझ्या माहेरची माणसं आली. दाराची बेल वाजली की हे मान वर करायचे. नंदू आला नाही. "यंदा केवडेवाला नाही का?" माझ्या भावानं विचारलं. ह्यांनी उत्तर दिलं, "काम असेल काहीतरी." मी दादरला जाऊन फुलबाजारातून केवडा आणला आणि गणपतीपुढे ठेवला. घरभर वास झाला. त्यानं तर आणखीच वाईट वाटलं, कारण मग प्रत्येक येणारा म्हणायला लागला, "अरे वा, नंदू येऊन गेला वाटतं." तिकडे तो माणूस आपण दादांना फसवलं म्हणून तोंड लपवून बसला होता, आणि इकडे आम्ही दोघं पाटावर बसून आरत्या म्हणत होतो. आरती म्हणताना मला गणपतीकडे बघवेना. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

विसर्जनानंतर मी ह्यांना म्हटलं, "उद्या बोटीनं जायचं. तुम्ही येणार नसाल तर मी जाते." ते निमूटपणे तयार झाले. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा आभाळ भरलेलं होतं, समुद्र मातकट. हे वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे होते, खिशात नंदूची डबी रुमालात गुंडाळलेली. मधूनमधून हात खिशावर जायचा. मी एकदा विचारलं, "काय सांगणार ते ठरवलंत?" म्हणाले, "जे आहे ते."

नंदूच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली गाड्या उभ्या होत्या. एकीची सीट काढलेली होती आणि जिथं डबी असते तिथं नुसती जागा. राइडचा मोसम तोंडावर आला होता. आम्हाला बघताच नंदू धावत आला, त्याची बायको सरिता पदर सावरत बाहेर आली. आम्ही टेकतोय न टेकतोय तोच तो म्हणाला, "दादा, यंदा आलो नाही, तोंड दाखवायला जागा नव्हती." पायरीवर शेजारची दोन माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोर म्हणाला.

ह्यांनी डबी बाहेर काढली. "ही तुझी. माझी जुनीच चालते आहे. गाडीत काही नव्हतं नंदू. मी रंग खरवडला नव्हता. अर्थिंग नव्हतं. माझी चूक."

सरिता नंदूकडे बघत होती. नंदूनं आधी डबीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि त्याचे डोळे भरून आले. "दादा," तो म्हणाला, "एवढं कशाला करता?"

"अरे, खरं सांगतोय मी."

"तुम्ही आणि अर्थिंग विसराल? दुसऱ्या कुणालाही सांगा दादा, मला नका सांगू." मग बायकोकडे वळून म्हणाला, "बघितलंस? नवीन डबी विकत घेऊन बसवली असणार यांनी. माझी मला परत आणून दिली, आणि वर स्वतःवर घेताहेत. मला वाईट वाटू नये म्हणून."

हे पुन्हा सांगायला लागले. पांढरा हात, किरमिजी हात, दातेरी वायसर. जेवढं बारीक सांगावं तेवढा नंदू मान हलवायचा आणि पायरीवरच्या माणसांना म्हणायचा, "असा माणूस आहे हा." मी मध्ये पडले. "नंदू, मी स्वतः बघितलं रे. माझ्या डोळ्यांसमोर रंग घासला." तो माझ्याकडे बघून हसला. "वहिनी, तुम्ही दादांच्याच बाजूनं बोलणार." सरितानं आम्हाला घावणे आणि नारळाचा रस वाढला. हे मान खाली घालून जेवत होते.

परतीच्या बोटीत ह्यांनी विचारलं, "मी सांगितलं ना ग?"

"सांगितलंत."

"सगळं सांगितलं ना?"

"सगळं."

चूक कबूल केली की माणूस मोकळा होतो असं आपण ऐकत आलो आहोत. कबुली ऐकणाऱ्यानं ती घेतलीच नाही तर काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलेलं नाही. त्या माणसाला आपल्या दादांची चूक नकोच होती. त्याच्या सगळ्या शिकण्याचा पायाच तिथं होता. स्वतः फसवणारा ठरलेलं त्याला चाललं, दादा रंगाला भुलले हे चाललं नाही.

गाडी आता वाडीत आहे. उत्तम चालते. नारळ वर येतात. किरमिजी रंग खाऱ्या हवेनं बराच उडाला आहे, आणि वर्षातून एकदा हे त्या खरवडलेल्या जागेवर ग्रीसचं बोट फिरवतात. मी शेजारी उभी असले तरी आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षापासून नंदू पुन्हा गणपतीला यायला लागला, केवडा घेऊन. आणि आल्यावर ही गोष्ट सांगायला लागला. जमलेल्या पाहुण्यांना, प्रसादाची वाटी हातात घेऊन, रंगवून. आपण कशी सडकी गाडी दिली, दादा कसे बोटीनं आले, कसं सगळं स्वतःवर घेतलं. पहिल्या वर्षी हे ताडकन म्हणाले, "नाही हो, तसं नाही, चूक माझीच होती." पाहुण्यांना ते फार आवडलं. बघा, अजूनही स्वतःचा मोठेपणा कबूल करत नाहीत! पुढच्या वर्षी गोष्ट सुरू झाल्यावर हे उठून गॅलरीत गेले. त्यानंतर बसूनच राहिले, पण जमिनीकडे बघत. मी स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघायची, तेही कधीतरी माझ्याकडे बघायचे. गर्दीत ती लाज आम्हा दोघांनाच ठाऊक होती. विचित्र वाटेल, पण त्या बघण्यात मला ह्यांच्याबद्दल फार जवळीक वाटायची. संसारात पुष्कळ गोष्टी वाटून घेतल्या आहेत आम्ही. ही एक आणखी.

यंदा घरात नवी सून आहे. मुग्धा. तिचे हे पहिलेच गणपती. गोड मुलगी आहे, सगळ्यांचं मन लावून ऐकते. नंदू आला, केवडा ठेवला, दर्शन घेतलं आणि तिला म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे का, तुमचे सासरे काय माणूस आहेत?" आणि गोष्ट सुरू झाली. मी करंज्यांचं ताट घेऊन दारात उभी होते. मुग्धा डोळे मोठे करून ऐकत होती. संपल्यावर ती ह्यांच्याकडे वळली. "बाबा, खरंच?"

ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मी वाट बघत होते. ते म्हणाले, "जाऊ दे ग. आपलीच माणसं असतात. सांभाळून घ्यायचं असतं."

आवाजात जरासुद्धा अडखळ नव्हती. माझे कान तापले. मला वाटलं, ते आता माझ्याकडे बघतील. ते मुग्धाकडे बघून हसत होते. त्यांना लाज वाटायची थांबली होती. कधी थांबली, ह्या वर्षी की मागच्याच, तेही मला कळलं नव्हतं.

नंदूनं दोन्ही हात जोडले, मग मान वळवून मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर तिथं होतात. असंच झालं होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेसुद्धा.

मी "हो" म्हणाले.